मालक बदलले आणि मी घाबरले

चामराजपेट, बेंगळुरू

तीर्थस्वरूप विश्वासरावकाकांना सिद्धीचा वाकून नमस्कार (खुर्चीतूनच, पण कमरेतून). गुडघा कसा आहे? काकू तेल लावायला आल्या की अजून चिडता का? इथे घरमालकीण गंगव्वा अक्का 'स्वल्प' म्हणत ताटभर चित्रान्न (लिंबाचा भात) वाढतात, त्यामुळे माझ्या प्रकृतीची काळजी नको. करायचीच तर अब्रूची करा.

मागच्या महिन्यात फोनवर सांगितलं होतं, की आमच्या ऑफिसचं सगळं काम ज्या प्लॅटफॉर्मवर असतं तो एका मोठ्या कंपनीने विकत घेतला. (तिथे आम्ही प्रोग्रॅम ठेवतो, एकमेकांचे तपासतो, आणि कुठला बदल का केला ते खाली नोंदवतो.) नवे मालक काय करणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण मीटिंगमध्ये सगळे गप्प, म्हणून मी बोलले. ते आपलं काम वाचतील, मग एक दिवस कुलूप लावतील, असं इतक्या खात्रीने सांगितलं की माझी मलाच धडकी भरली. आमचे साहेब रघुपती म्हणाले, मग तूच सगळं दुसरीकडे हलव. शनिवारी सकाळी मी हलवलं आणि मागे काही राहू नये म्हणून जुनं स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. 'नक्की?' असं दोनदा विचारलं गेलं. दोन्ही वेळा मी 'नक्की' म्हटलं.

प्रोग्रॅम नव्या जागी आले. नोंदी आल्या नाहीत. त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात, हे मला सोमवारी कळलं. सहा वर्षांच्या नोंदी, आणि निम्म्याहून जास्त एकट्या धनलक्ष्मीच्या. (ती निपाणीची, माझ्या शेजारी बसते. आमचे प्रोग्रॅम ज्या बोम्मसंद्राच्या कारखान्यात चालतात, तिथलं कुठलं यंत्र कशाने अडतं, ते तासन्‌तास उभं राहून तिने लिहिलेलं.) तिने विचारलं, नोंदी कुठे गेल्या? आणि काका, मी नव्या मालकांचं नाव घेतलं. तिने बिचारीने त्यांना सविस्तर तक्रार लिहिली. दोन दिवसांनी अतिशय नम्र उत्तर आलं: नोंदी तुमच्याच ऑफिसमधून शनिवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी पुसल्या गेल्या, परत आणता येणार नाहीत. पुसणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव. तिने मनातल्या मनात वाचलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ती एवढंच म्हणाली, "सरी." (म्हणजे 'ठीक आहे'.) "मला आठवतंय तेवढं सांगते मी. तू लिहून घे."

तेव्हापासून रोज जेवणानंतर ती सांगते, मी लिहिते. मध्येच ती डोळे मिटून थांबते आणि 'हे गेलं' म्हणते. तेव्हा कुठे बघावं कळत नाही. रघुपतींना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त मीटिंगमध्ये माझं मत विचारणं त्यांनी बंद केलं. आणि तो प्लॅटफॉर्म? चालू आहे. नव्या मालकांनी आजवर फक्त रंग बदललाय. पुढे काय करतील ते मला माहीत नाही, आणि कुणी विचारलं तर आता तेवढंच सांगते.

तुमची पुतणी (अजून चालत असेल तर),
सिद्धी

ता. क. माझ्या त्या फोनवरून तुम्ही वर्तमानपत्राला 'परक्यांच्या हाती आपली विद्या' असं पत्र लिहिलंय आणि त्यात मला 'बेंगळुरूतील ज्येष्ठ तज्ज्ञ' म्हटलंय, असं काकू म्हणाल्या. पाया पडते, ते पाठवू नका. पाठवलं असेल तर निदान 'ज्येष्ठ' आणि 'तज्ज्ञ' काढायला सांगा.

ता. क. २. धनलक्ष्मीने आत्ता विचारलं, कुणाला एवढं लिहितेस? म्हटलं, काकांना, आणि सगळं खरं लिहिलंय. ती म्हणाली, "मग एक प्रत ठेव."