निगेटिव्ह आजोबा

सोमवार, ३ फेब्रुवारी
घसा खवखवतोय, अंग किंचित गरम. धूळ असणार. रविवारी लेक येतेय, सकाळी येऊन संध्याकाळी परत. नातीला पहिल्यांदाच मांडीवर घेणार! संकल्प: तोवर आजारी पडायचं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
ताप. ही म्हणाली, फ्लू दिसतोय, बाळाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. म्हटलं, पुरावा काय? जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय मी. केमिस्टकडून फ्लूच्या झटपट टेस्टचं किट आणलं. नाकात काडी फिरवली, ब्रह्मांड आठवलं. पण रेघ एकच. निगेटिव्ह! पट्टी हिच्यापुढे नाचवली. ही म्हणाली, आधी हात धुवा.

बुधवार, ५ फेब्रुवारी
डॉक्टर माझाच विद्यार्थी, विज्ञानात काठावर पास. म्हणाला, सर, मोठ्या माणसांत फ्लू असूनही ही टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्ह येते. त्यावर विसंबू नका. पॉझिटिव्ह आली, तर मात्र बहुधा खरी. लॅबमधून पक्की टेस्ट करू या, म्हणाला. मी नको म्हटलं. शाळेतही याचा प्रयोगावर विश्वास नव्हता.
घरी येतो तर हिने माझी गादी वरच्या खोलीत हलवलेली. ताट जिन्यात ठेवते.

गुरुवार
हुडहुडी. सांधे ठणकतायत. पण निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. हे जिन्यातून हिला ठणकावून सांगितलं. खोकल्यामुळे अर्धंच पोचलं.

शनिवार, दुपार
ताप उतरला. हिचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून पुन्हा टेस्ट केली. दोन रेघा.
किट खराब. केमिस्टने भलतंच गळ्यात मारलं. डॉक्टरला फोन केला. म्हणाला, सर, ही खरी धरा. हसला नाही, एवढे संस्कार माझेच.

रविवार, ९ फेब्रुवारी
लेक आली. खाली सगळे, वर मी. शेजारीणबाईंनीसुद्धा बाळाला मांडीवर घेतलं म्हणे. न राहवून चार पायऱ्या उतरलो. टेस्ट खोटीच आहे, पण चुकून खरी असली तर? परत वर आलो. फार वाईट वाटलं.
निघताना लेकीने अंगणातून बाळाला उंच धरून दाखवलं. मी खिडकीत, कानटोपी, मास्क, शाल. हात हलवला. पोरीने भोकाड पसरलं. ओळखलं तिने! परक्या माणसासाठी कोण एवढं रडतं?
गाडी गेल्यावर जिन्यातून हिला विचारलं, मांडीवर जड लागते का गं? ही म्हणाली, छे हो, फुलासारखी आहे.
मग मी दार लावून घेतलं.