बटणांचाच फोन हवा

प्रिय धाकट्या,

आता चौथा फोन पाठवलास तर खोकंसुद्धा न फोडता परत पाठवीन. आधीचे तीन कपाटात पडलेत. बाबांनी एकालाही हात लावला नाही. तू तिकडे मोबाइल कंपनीच्या ऑफिसात बसून मला मेसेज करतोस, "ताई, एकतीस तारखेला जुनं नेटवर्क बंद होतंय, बाबांना समजाव." समजाव म्हणे! सहा महिने दुसरं केलंय काय मी? तोंडाला फेस आलाय माझ्या.

व्हिडिओ कॉलवर तू दिसशील म्हटलं, तर म्हणाले, "त्याचं थोबाड मला पाठ आहे." खालच्या शिंपीकाकांचं उदाहरण दिलं. तेही बाबांच्याच वयाचे, पण नात गाणी पाठवते म्हणताच दुसऱ्या दिवशी नवा फोन घेऊन आले. त्यावर बाबा म्हणाले, "त्याला काय उद्योग आहे?" शेवटी मी भांडले. हट्टी म्हटलं, जुनाट म्हटलं. तूही फोनवर म्हणालास, वय झालं की माणसं नव्याला घाबरतातच. मी हो ला हो केलं. त्याचीच आता लाज वाटते.

गेल्या महिन्यात तुझ्या लेकीचा पहिला फोटो आला. मी माझा फोन बाबांच्या हातात दिला आणि दूध उतू चाललं म्हणून आत पळाले. परत आले तर ते फोन डोळ्यांसमोर धरून हसत होते. "नाक आपल्या घरचं आहे हं!" पडदा केव्हाच काळा झाला होता रे. त्यावर काहीच नव्हतं.

मी समोर बसले आणि विचारलं. म्हणाले, "बटणं बोटांना कळतात. पाचावर टिंब असतं, त्यावरून बाकीचे सापडतात. या काचेवर बोटांनी काय ओळखायचं?" एक डोळा जवळजवळ गेलाय, दुसऱ्यापुढे धुकं. आणि हा माणूस रोज सकाळी शाळेची बस काढत होता! बत्तीस पोरं घेऊन! "रस्ता तोंडपाठ आहे," म्हणाले. रस्ता पाठ असेल, पण रस्त्यात मध्येच येणारं पोर पाठ असतं का?

दुसऱ्या दिवशी ते उठायच्या आत बसची किल्ली घेतली, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून आले. सव्वीस वर्षांची नोकरी मी पाच मिनिटांत घालवली. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ताट ठेवलं की जेवतात, बस्स.

डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, फार पिकलाय, पण ऑपरेशननं दिसेल. दहा तारीख दिलीय. बाबा कागदावर सही करत नाहीत. "आता बघून करायचंय काय?" एवढंच डॉक्टरांना म्हणाले. डोळ्यांचं तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ त्यांनी फोटोच्या दिवशीच घातली होती मला, ती आज मोडतेय. फोनवर बोलायला गेले की ते कान देऊन शेजारी बसतात आणि मेसेजात एवढं मावत नाही, म्हणून हे पत्र. तू ये. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. आणि दारातूनच हाक मार, "बाबा, मी आलो." म्हणजे तुला ओळखल्याचं नाटक त्यांना करावं लागणार नाही.

तुझीच, वैतागलेली,
ताई