वळताना आडवे येणारे गुडघे

बल्लारपूर, रविवार, ८ मार्च १९५९

ही बसून पाहिलेली तिसरी टू-स्ट्रोक मोटरसायकल. हीपण बादच म्हणायची.

तापानंतर बायकोचा, शांताचा पाय अधू झाला. सासूबाई पोंभुर्ण्याला, मायलेकींची दोन वर्षांत भेट नाही. तिला मागे बसवून न्यायचं, पण जंगलातल्या त्या वाटेवर जड मोटरसायकल रेतीत रुतते, म्हणून लहानच हवी. आज मिस्त्रीने अंगणात आणली ती लहानशी, लाल, स्पोर्ट्‌स. बसलो तर गुडघे हँडलला लागले. सरळ जाते, पण वळवायची म्हटलं की गुडघा आडवा. सव्वासहा फूट उंचीचं मी करू तरी काय?

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, मांगं सरकून बसा."

सरकलो. गुडघे सुटले. अंगणात दोन चकरा मारल्या, मस्त वळली. मी एकटाच हसत होतो. मग मागे हात नेऊन पाहिला. सीटवर वीतभरही जागा उरली नव्हती. आणि शांता नवं लुगडं नेसून, चौकट धरून दारात उभी.

तिला कळलं होतं. हे मेले गुडघे.

"तुमीच जाऊन या," ती म्हणाली. "मायले सांगजा, पोरगी आता चालून राह्यली म्हणून."