बाबांनी पाठवलेली फर्माईश

पुरानी बस्ती, रायपूर

ती. मंदाताईला जय भीम.

मी बरी आहे. सूनबाई दोन्ही वेळ गरम वाढते, कॉलेजातली मुलं या साठीतल्या विद्यार्थिनीला 'दीदी' म्हणतात. तुझे गुडघे कसे आहेत?

आज वर्गात हादरलेच गं. रेडिओपासून म्युझिक व्हिडिओपर्यंत श्रोता कसा बदलला, हे शिकवताना सरांनी १९७८ सालच्या रेडिओवरच्या फर्माईशी गाण्यांच्या कार्यक्रमाची टेप लावली. निवेदिका नावं वाचत होती, "गोंदिया से नत्थू, कलावती, मंदा और चेतना."

बाबा, आई, तू आणि मी, आपल्याच घरची नावं! आईला लिहिता येत नव्हतं, आपण दोघींनी रेडिओला कधी फर्माईशीचं कार्ड टाकलं नाही. म्हणजे बाबा! गाणं लागलं की "काहून कल्ला करून राहिल्या पोट्ट्या?" म्हणणारे आपले बाबा!

आणि वाजलं ते तू भाकरी थापताना गुणगुणायचीस तेच गाणं.

टेपवर तारीख जूनची आहे. तू मॅट्रिकला नापास झालीस आणि त्यांनी रेडिओ ट्रंकेत कुलूपबंद केला, तोच महिना. कार्ड आधीच गेलं असणार. आपली नावं वाचली गेली तेव्हा आपल्या घरात रेडिओ बंद होता, आणि ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत.

ताई, त्या रागापायी त्यांचा फोटो तू अजून कपाटातच ठेवला आहेस ना? आता तरी भिंतीवर लाव.

तुझीच धाकटी,
चेतना