‘ह’च्या पुढचा खण

प्रिय अक्का,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसलो की पहिल्या ओळीवरच हात थांबतो.

वाचनालयातली नोकरी कशी आहे, असं तू विचारलंस. एकोणपन्नासाव्या वर्षी आपण कुठेतरी नवखे आहोत, याचीच आधी लाज वाटायची. सकाळी कुलूप काढायचं, परत आलेल्या पुस्तकांवर शिक्का मारायचा, सुटलेली पानं चिकटवायची आणि जागा बघून पुस्तकं कपाटात लावायची. हे सगळं मला डिंकमामांनी शिकवलं. ते तिथले जुने शिपाई. बोटांना कायम डिंक, म्हणून हे नाव. काचेच्या कारखान्यातली सवय, मी प्रत्येक पुस्तक दोन्ही हातांनी उचलायचो. ते म्हणायचे, “अहो नवरदेव, पुस्तक आहे ते, वरमाला नव्हे. एका हातात चार धरा!” डबा उघडला की आधी अर्धी भाजी माझ्या झाकणात. सहा महिने काम नीट झालं तर मला कायम करणार होते, आणि त्याची घाई माझ्यापेक्षा मामांनाच.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कथा-कादंबऱ्या नावाच्या अक्षरक्रमाने लावायला दिल्या. मी मनातल्या मनात मुळाक्षरं म्हणत लावत गेलो. तू पाटीवर गिरवून घेतलेली, तीच: स, ह, ळ, क्ष, ज्ञ. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची पुस्तकं अर्थातच शेवटी, ‘ह’च्याही पुढे, दाराआडच्या खालच्या खणात. वाचनालयात ‘क्ष’ हा ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’मध्ये धरतात, हे मला ठाऊक नव्हतं. एवढं साधं सांगायला लागेल, असं मामांनाही वाटलं नसावं.

गेल्या महिन्यात वार्षिक मोजणी झाली. ग्रंथपालबाई यादी वाचत होत्या, मामा कपाटावरून बोट फिरवत होते. एकतीस पुस्तकं सापडेनात. मामा फाटकी पुस्तकं नोंद न करता घरी नेऊन शिवायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. चोर कुणी म्हणालं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, “मामा, घरी एकदा बघा ना.” रविवारी मीही त्यांच्यासोबत गेलो. त्यांनी पेटी उपसली, गाद्या उलथल्या, उगाच मामींवर ओरडले. मग खाली बसले आणि मला म्हणाले, “डोकं चालत नाही हो आता. दिली असतील कुणाला तरी.” सोमवारी त्यांना कामावरून कमी केलं.

मंगळवारी झाडताना दाराआडच्या खणात मला ती एकतीसही दिसली. ओळीने, सरळ, मी लावली तशीच. मी काय केलं सांगू? त्या पुस्तकांपुढे जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा सरकवला. कायम होण्याचा कागद शुक्रवारी यायचा होता. तो आला. तेव्हापासून देवापुढे हात जोडतो, पण नाव घ्यायला तोंड उघडत नाही. काल मामा रस्त्यात भेटले. माझी कॉलर नीट केली आणि म्हणाले, “झालात ना कायम? सुटलो बुवा मी!”

दाजी वर्षभर घरी बसून खचलेत, वाचनालयात जागा रिकामी झालीय असं कळलं, त्यांच्यासाठी शब्द टाक, असं तू लिहिलंस. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आजवर माझ्याकडे काही मागितलं नाहीस, आणि पहिल्यांदा मागितलंस ते हे. अक्का, ती जागा आपोआप रिकामी झाली नाही, मी केली. तिथे दाजी बसले तर मामांना परत यायला वाटच उरणार नाही. इतर सगळ्यांपुढे मी गप्प राहिलो असतो, निभावूनही गेलं असतं. पण तुला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि ते आता कागदावर आलंय. हे पत्र पेटीत टाकून तसाच बाईंकडे जाणार आहे. मामांना परत घेतील का, देव जाणे. माझी नोकरी बहुतेक जाईल, आणि माझ्या शब्दावर दाजींना तिथे कुणी उभंही करणार नाही. त्यांना काय सांगायचं ते तूच ठरव. मला सुचत नाही.

तुझाच,
धाकटा