एक पिंजारी होता

अब्बा, आज कॉलेजातून तुमची गादी घरी आणली. खुर्चीवरची, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खोळीची. बावीस वर्षं तिच्यावर बसून मी अर्थशास्त्र शिकवलं. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते, तर शेजारच्या बाईंनी विचारलं, "घरी बाळ आहे का?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगत बसायचं त्राण नव्हतं. खरं हे आहे की माझा विषय बंद झाला. आधी अभ्यासक्रमातून 'आर्थिक विचारांचा इतिहास' हा पेपर गेला, माझा सगळ्यात आवडता, तेव्हा मी फार मनावर घेतलं नाही. मग मुलं कमी होत गेली. यंदा शेवटच्या वर्षाला तिघं उरली होती आणि पुढच्या वर्षासाठी एकही नाव आलं नाही. गेल्या आठवड्यात पत्र मिळालं की पुरेसा कार्यभार नसल्यामुळे मी 'अतिरिक्त' ठरले आहे. दुसरीकडे पाठवतील म्हणतात. कुठे आणि कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. 'अतिरिक्त' हा शब्द वाचला आणि मला पगार आठवला नाही, घर आठवलं नाही. तुम्ही आठवलात, आणि जुम्म्याच्या त्या दुपारी आपल्या स्वयंपाकघरात मी दाखवलेलं शहाणपण आठवलं.

तळोद्याच्या गल्ल्यांतून तुम्ही खांद्यावर पिंजायची कमान टाकून निघायचात, तेव्हा हाक मारायची गरजच पडायची नाही. तिच्या तातीवर, आतड्याच्या त्या ताणलेल्या दोरीवर, एक टिचकी मारली की तुण्ण असा आवाज तिसऱ्या गल्लीपर्यंत जायचा, आणि बाया जुन्या गाद्या घेऊन दारात यायच्या. दिवाळीनंतर जीपच्या टपावर कमान बांधून तुम्ही वर पहाडातल्या गावांना जायचात आणि आठवड्याने परत यायचात, भुवयांपर्यंत कापूस माखलेले. मी लहान आहे, ओट्यावर बसलेय, आणि तुम्ही अंगणात पिंजताय. लाकडी मुठीचा ठोका तातीवर पडतो, दडपलेला काळपट कापूस उडतो आणि खाली येताना पांढरा होऊन येतो. मला वाटायचं, हे माझ्या अब्बांनाच जमतं. पुढे चाचांनी बाजारात दुकान टाकलं, पिंजायचं मशीन आणलं, आणि घरोघरी फोमच्या गाद्या आल्या. गल्लीत तुमच्या टिचकीला कुणी दार उघडेना. चाचा म्हणाले, भाऊ, दुकानात ये. तुम्ही गेलात. कमान घरात खुंटीला लागली.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि नव्या शिकलेल्या माणसाला असते तेवढी घमेंड मला होती. घरी येऊन तुम्हाला धडे ऐकवायचे. या शास्त्राच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाची सुरुवातच टाचणीच्या कारखान्यापासून होते, असं मी एकदा मोठ्या थाटात सांगितलं. एक जण तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो, आणि एकट्याने दिवसभरात जेमतेम एखादी टाचणी केली असती तिथे सगळे मिळून ढीग पाडतात. तुम्ही गादीच्या कडेला टाका घालत होतात. सुई न थांबवता विचारलंत, "आनि आख्खी टाचनी कोनले करता येस मंग?" मी हसले. अम्मीला म्हटलं, अब्बांना मुद्दाच कळला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं, की ही कामाची वाटणी माणसाला कसं मठ्ठ करून टाकते, ही शंका त्या टाचणीवाल्या पंडितालाही आली होती आणि त्याच पुस्तकात त्याने ती लिहून ठेवली होती. पण ते पुस्तकाच्या मागच्या भागात आहे. तिथपर्यंत फार कुणी जात नाही, मीही गेले नव्हते.

शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रकल्प दिला होता, 'आपल्या परिसरातील बेकारी'. त्यातला एक प्रकार होता छुपी बेकारी. माणूस कामावर दिसतो, पण त्याला तिथून काढून टाकलं तरी उत्पादन कमी होत नाही, म्हणजे तो छुपा बेकार. पुस्तकात उदाहरण होतं एका शेतात राबणाऱ्या पाच भावांचं, जिथे तिघं पुरेसे असतात. सगळी मुलं तेच शेत उतरवून काढणार हे मला माहीत होतं. मला काहीतरी वेगळं करायचं होतं. मी चाचांचं दुकान घेतलं. दुकानात तीन माणसं: मालक, मशीन चालवणारा, आणि मालकाचा मोठा भाऊ, पारंपरिक पिंजारी. पहिल्या दोघांना मी प्रश्नावलीतले सगळे प्रश्न विचारले. तिसऱ्याला विचारले नाहीत. घरचाच माणूस, त्याला काय विचारायचं? तुमचा रकाना मीच भरला. 'कामाचे स्वरूप' यापुढे लिहिलं, 'बसून असतो'. आणि खाली निष्कर्ष काढला, की या एका व्यक्तीस वजा केले तरी दुकानाच्या उत्पादनात घट होणार नाही. सरांनी लाल शाईने 'उत्कृष्ट' असा शेरा दिला.

तो शेरा दाखवायला म्हणून मी ती वही स्वयंपाकघरात आणली. नमाज पढून तुम्ही आणि चाचा जेवायला बसला होतात, अम्मी भाकरी टाकत होती. मी उभ्याने वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, वर्गात वाचावं तसं. निष्कर्षापाशी आले तेव्हा चाचा खो खो हसले. "भाऊ, हाई तं तूच शे!" तुम्ही हसला नाहीत. घास तसाच हातात होता.

"मंग मी बेकार शे का, बेटा?"

मी म्हटलं, "अब्बा, तसं बेकार नाही. शास्त्रातला शब्द आहे तो."

"शास्त्रानं ऱ्हाऊ दे. मी उठी गऊ तं दुकानले काही फरक पडाव नही. आसंच लिखेल शे ना तू?"

तेव्हा मी गप्प बसू शकले असते. खोटं बोलू शकले असते. वीस वर्षांची होते मी, आणि माझ्या हातात लाल शाईचा शेरा होता. मी म्हणाले, "हो. व्याख्येप्रमाणे तसंच."

अम्मी म्हणाली, "खाई ल्या आते, भाकर ठंडी व्हई ऱ्हायनी." तुम्ही पूर्ण जेवलात. हात धुतलेत. आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात गेला नाहीत.

मला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे, निवळेल. पंधरा-वीस दिवसांनी चाचा घरी आले, ओशाळलेले. गाद्या परत येत होत्या. कुणाच्या गादीत गाठी, कुणाच्या गादीत सरकी आणि काड्या टोचत होत्या, एकीला तर कुबट वास येत होता. मशीन कापूस पिंजतं, पण तो ओला आहे की कोरडा ते त्याला कळत नाही, काडी निवडता येत नाही. 'बसून असतो' असं मी ज्याच्यापुढे लिहिलं होतं तो माणूस दिवसभर कापसाच्या ढिगात हात घालून हेच करत होता, आणि दुकानात कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. चाचांच्याही नाही. "भाऊ, चाल ना दुकानवर," ते म्हणाले. तुम्ही लगेच म्हणालात, "मी उठनू तरी फरक पडस नही. तुन्ही पुतनीनी लिखेल शे. शिकेल पोर शे, खोटं कसाले लिखी?"

मी आतल्या खोलीत होते. सगळं ऐकू येत होतं. तेव्हा बाहेर येऊन 'अब्बा, मी चुकले' एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते मी बोलले नाही. मला वाटलं, सरांना काय सांगू? शेरा मिळालेल्या वहीत आता खाडाखोड कशी करू? लाज वाटते लिहिताना, पण मला खरंच वहीची काळजी वाटली होती.

त्यानंतर दोन हिवाळे तुम्ही पुन्हा कमान घेऊन जीपने पहाडात गेलात. ती जशी बांधून न्यायचात तशीच परत यायची, तातीला कापसाचा धागासुद्धा चिकटलेला नसायचा. मग तेही थांबलं. ओट्यावर बसून राहायचात. आता खरोखरच बसून असायचात. माझं वाक्य मी तुमच्याकडून खरं करून घेतलं. मला नोकरी लागली त्या आठवड्यात मात्र अंगणातून तुण्ण असा आवाज आला आणि मी धावत बाहेर आले. तुम्ही कमान काढली होती. मूठभर कापूस होता, तो तुम्ही दुपारभर पिंजत राहिलात, एवढ्याशा कापसाला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ. संध्याकाळी ही गादी माझ्या हातात ठेवलीत. "कॉलेजनी खुर्ची कडक ऱ्हास," म्हणालात, "बठीसन शिकाडजो." मी तेव्हा रडले, आणि ते नोकरीच्या आनंदाने असं सगळ्यांना वाटलं. तीन वर्षांनी तुम्ही गेलात.

अब्बा, पुढची गोष्ट तुम्हाला सांगायची होती, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही गेल्यावर एका प्रशिक्षणासाठी मी विद्यापीठात गेले होते. तिथल्या ग्रंथालयात मला छुप्या बेकारीचं मूळ सापडलं. हा शब्द शेतातल्या जास्तीच्या भावांसाठी जन्मलाच नव्हता. जगभर मंदी आली, कारखाने बंद पडले, तेव्हा परदेशातल्या एका बाईंनी रस्त्यावर काड्यापेट्या विकणारी माणसं पाहिली. हातात कसब असलेली, कामावरून काढलेली माणसं. त्यांचं म्हणणं असं होतं, की ही माणसं काहीतरी करताना दिसतात म्हणून त्यांना बेकारांत न मोजणं ही फसवणूक आहे. त्यांचं कसब वाया चाललंय, आणि तो दोष त्यांचा नाही. पुढे दुसऱ्या पंडितांनी तो शब्द उचलला, आपल्यासारख्या गरीब मुलुखांकडे आणला, आणि त्याचा अर्थ करून टाकला, 'ज्याच्यावाचून अडत नाही तो'. शब्द तुमच्या बाजूचा होता, अब्बा. तुमच्याचसारख्या माणसांची कड घ्यायला तो निघाला होता. तळोद्यापर्यंत येताना वाटेत कुठेतरी तो फिरला, आणि मी त्याचं दुसरंच टोक तुमच्या अंगात घातलं.

मी ते पुस्तक मिटून परत केलं. समजलं, पण कुणासाठी? सांगायला तुम्ही नव्हता. आमच्या शास्त्राचा सगळा इतिहास मला असाच वाटू लागलाय. कुणीतरी कुठेतरी खऱ्या माणसांकडे बघून एक शब्द करतो, आणि तो दूरवर न विचारताच कुणाच्या तरी रकान्यात भरला जातो. आता पुस्तकांत 'बेकारी' जाऊन 'बेरोजगारी' आलीय. कुणाला तरी तो शब्द बोचला असेल. तुम्हाला बोचला तेव्हा मी व्याख्या सांगत बसले.

गादीत आता गाठी झाल्यात. पुन्हा पिंजून घ्यावी म्हणून बसमधून उतरल्यावर बाजारात विचारत हिंडले. दुकानदार म्हणाला, मॅडम, फेकून द्या, फोमची देतो. अख्ख्या तळोद्यात आता तातीवर ठोका मारणारा हात नाही. तुमची तात तर उंदरांनी कधीच खाल्ली. मी उद्यापासून काय करणार आहे, मला माहीत नाही. मला वजा केलं आणि कुठेच काही कमी झालं नाही. कॉलेज सुरू आहे, घंटा होते, बस वेळेवर सुटते. काल सकाळी मी सवयीने आवरून बसले आणि मग आठवलं. तुम्ही ओट्यावर बसून काय बघत असायचात, ते आता दिसायला लागलंय. तिथे बघण्यासारखं काही नाही.

हे पत्र कुठे टाकणार? कबरीवर ठेवायला जाईन तर मौलवीसाहेब रागावतील, आणि तुम्ही मराठी अक्षर जोडून जोडून वाचायचात, एवढं लांब लिहिलेलं वाचायचा कंटाळा केला असतात. गादीच्या खोळीत घालून ठेवीन.

एक मात्र कबूल करायचं राहिलंय. ग्रंथालयातून परत आले तरी मी वर्गात तो शब्द बदलला नाही. परीक्षेत जुनीच व्याख्या विचारतात, मुलांचे गुण जायला नकोत, असं स्वतःला सांगत राहिले. आणि उदाहरण म्हणून दरवर्षी, बावीसही वर्षं, तुम्हालाच सांगितलं. 'एक पिंजारी होता, भावाच्या दुकानात बसून असायचा.' माझे वडील होते, असं एकदाही म्हटलं नाही. परवा शेवटच्या तासालाही तेच सांगितलं. तिघांपैकी एक मुलगी वर धडगावकडच्या पाड्यातली आहे, तास संपल्यावरही ती उठेना. म्हणाली, "मॅडम, त्या पिंजाऱ्याचं पुढे काय झालं?"

मी तुमच्या गादीवर बसले होते, अब्बा. मी म्हणाले, "माहीत नाही."