दादा, तू गेलास ती गोष्ट

बेकर्स फोर्क, केंटकी
बुधवार, ८ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप हर्शेलदादास,

धाकट्या एल्डनचा दंडवत (डावा गुडघा वाकत नाही, म्हणून फक्त उजव्या बाजूने). तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? मार्गितवहिनींची पाठ, तुमचा म्हातारा कुत्रा, छपराची गळती, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी, आणि खुशाल म्हणजे नऊ दिवसांत सात पौंडांनी उतरलोय. चार वर्षं पत्र नाही म्हणून रागावू नकोस. रोज लिहीन लिहीन म्हणत होतो, पण ज्याला लिहायचं त्याचीच परिस्थिती जरा नाजूक होती. म्हणजे तुझी. तुला कुणी कळवलेलं दिसत नाही, पण इथल्या समजुतीप्रमाणे तू वारला आहेस. बसून घे आणि मग पुढचं वाच.

तू गेल्यावर मी दोन डोंगर ओलांडून या गावी आलो, त्यामुळे तुला इथे कुणी पाहिलेलं नाही, आणि तूही वर्ना प्रॅटरबाईंचं पेंडीचं दुकान पाहिलेलं नाहीस. गुरांची पेंड विकणं वीस वर्षांपूर्वी बंद झालं. आता तिथे दर रविवारी दुपारी तीन वाजता गाणी होतात, पण नाव पेंडीचं दुकान ते पेंडीचं दुकानच, आणि हवा दमट झाली की भिंतींना अजून काकवीचा वास सुटतो. बासष्ट खुर्च्या आहेत, बंद पडलेल्या चर्चांमधून आणलेल्या, त्यामुळे एकीचं दुसरीशी जमत नाही. दारावर पाटी आहे: 'गाणं चालू असताना गप्प बसा.' ही पाटी वर्ना अमलातही आणते. विणकाम घेऊन येणाऱ्या बायकांना लाकडी सुया सक्तीच्या, कारण लोखंडी वाजतात. गेल्या हिवाळ्यात फ्रिज गुणगुणतो म्हणून तिने मला बोलावलं (दिवसा मी अजून फ्रिज आणि कपडे धुण्याची मशिनंच दुरुस्त करतो) आणि दुरुस्त करून घ्यायच्या ऐवजी तो कायमचा बंदच करायला लावला. तेव्हापासून दूध खिडकीत असतं. अशा शांततेत माणूस जे बोलतो ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जातं, आणि तिथेच माझा घात झाला.

मंचावर आम्ही तिघं शेजारी शेजारी बसतो आणि पाळीपाळीने आपापलं गाणं म्हणतो. एक गात असताना बाकीच्या दोघांनी जमिनीकडे बघून मान हलवायची असते. म्हणण्याआधी ते गाणं कसं सुचलं ते सांगायचं, असा रिवाज आहे, आणि खरं सांगायचं तर अर्धे लोक त्यासाठीच येतात. रमोना स्कीन्सचं घर पुरात गेलं. टोबी हॉलब्रुकला तीन बायका सोडून गेल्या, त्यातली एक त्याच्याच गाडीतून. त्या दोघांच्या मध्ये मी. माझ्याकडे काय होतं? बालपण सुखात गेलं, प्रकृती ठणठणीत, लग्न झालंच नाही त्यामुळे मोडलंही नाही. मी कपडे धुण्याच्या मशिनवर एक गाणं केलं होतं. चांगलं होतं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि वर्नाने मध्यंतर जाहीर केलं.

मग अकरा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातच, मी 'रिकामी खुंटी' पहिल्यांदा म्हणायला बसलो. ते गाणं कुणावर आहे हे तुला सांगायला नको. तू ओरेगॉनला निघून गेलास, कुणाला न सांगता, आणि जाताना दारामागच्या खुंटीवरचा माझा रेनकोट नेलास. (हिरवा. नवा. एकदाच घातलेला.) त्या रागात मी ते लिहिलं. दार आहे, दारामागे खुंटी आहे, खुंटीवर काही नाही आणि बाहेर पाऊस आहे, एवढंच त्यात आहे. तर मी गिटारची खुंटी पिळत पिळत बोलायला सुरुवात केली. म्हणालो, "हे गाणं माझ्या भावाचं. माझा भाऊ गेला." पुढचे शब्द अगदी ओठांवर होते, की ओरेगॉनला, माझा रेनकोट घेऊन. तेवढ्यात पहिली तार तुटली.

टण् असा आवाज झाला आणि त्यानंतर काहीच नाही. बासष्ट खुर्च्यांत कुणी श्वास घेईना. रमोनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्या रांगेतल्या मिसेस एस्टेप यांनी विणकाम मांडीवर टाकलं आणि हुंदका दिला. मी मान खाली घालून नवी तार चढवत होतो. नवी तार बसायला वेळ घेते, लावावी तशी उतरते, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून तर जास्तच. चार मिनिटं गेली. चार मिनिटं लोक रडल्यानंतर मेलेल्या माणसाला ओरेगॉनला कसं पाठवायचं, तूच सांग. मी गाणं म्हटलं. संपल्यावर टाळ्यासुद्धा वाजल्या नाहीत, इतकं ते आवडलं.

त्यानंतर मी एकही खोटं बोललो नाही, हे तुझ्याजवळ नोंदवून ठेवतो. लोक विचारत आणि मी खरं तेच सांगे. कसा गेला? अचानक. आजारी होता का? नाही, पोटभर जेवून झोपला होता. शेवटचं काय म्हणाला? म्हणाला, गाडीचं तेल बदल. (हे ऐकून टोबी बाहेर जाऊन उभा राहिला.) आता कुठे असेल? मी म्हणे, पश्चिमेला, पाण्याजवळ, आपल्यापेक्षा बऱ्या जागी. तू तेव्हा खेकड्यांच्या बोटीवर होतास, त्यामुळे यातही खोटं काही नाही. मग घरी ट्रे येऊ लागले. कुणी गेलं की काय काय येतं ते तुला आठवत असेलच: चीज घातलेली मॅकरोनी, चिकन आणि भात, वरून चुरलेली खारी बिस्किटं, आणि बुडाला चिकटपट्टीवर जिचा ट्रे तिचं नाव. तुझ्या जाण्यावर मी पाच आठवडे जेवलो. मिसेस एस्टेप अजून दर ऑक्टोबरात एक देतात. प्रत्येक घासाला वाटायचं की दादाला कळवावं, आणि मग वाटायचं, एवढा ट्रे संपला की कळवू. पत्रं लिहीत होतो तोवर त्यांतही एवढंच गाळलं.

हे असंच चाललं असतं. पण यंदा वर्नाने ठरवलं की १९ तारखेचा रविवार तुझ्या नावाने करायचा. (दहाव्या वर्षी करायचा होता, पण तेव्हा छप्पर गळत होतं.) तिघांनीही तुझ्यावर एकेक नवं गाणं करायचं आहे. रमोनाचं झालंसुद्धा, आणि त्यात तू देखणा आहेस. शिवाय दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीला तुझ्या नावाची पितळी पट्टी लागणार. असा मान आजवर कुणाला मिळालेला नाही, ज्याने ते दुकान बांधलं त्यालासुद्धा नाही. हे सगळं ठरून गेलं आणि गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी तुझं कार्ड आलं. माझा नवा पत्ता तुझ्याकडे नाही म्हणून तू ते दुकानावर टाकलंस, आणि वर्नाने ते मला पाकिटात घालून दिलं. पुढे मासा, मागे भांड्याच्या बुडाचा गोल डाग (टपाल खात्यातले लोक आता कार्डांवर जेवतात की काय) आणि तुझं ते कोंबडीच्या पायाचं अक्षर: 'तुझं गाणं रेडिओवर ऐकलं. आवाज सुधारलाय. १९ला येतो, खुर्ची ठेव. तुझा गेलेला भाऊ, हर्शेल.'

नऊ दिवस मी त्या एका शब्दावर अडून बसलोय. गेलेला म्हणजे कसा गेलेला? १९ तारीख आणि दुकानाचं नाव रेडिओवाल्यांनीच सांगितलं असणार, पण त्यांनी नुसतं गाणं वाजवलं, की माझं आधीचं बोलणंही वाजवलं? तू हे हसून लिहिलंस की दात खाऊन? ओरेगॉनला गेलेला असशील तर मी वाचलो, दुसरा गेलेला असशील तर मी मेलो. झोप लागत नाही. परवा मिसेस एस्टेप यांच्या मशिनच्या नळ्या उलट जोडल्या, गार पाण्याच्या जागी कढत पाणी आलं आणि त्यांचा लोकरीचा स्वेटर बाहुलीला होईल एवढा झाला. त्या म्हणाल्या, ऑक्टोबर तुला जड जातो रे, मला कळतं. आणि त्यांनी मलाच ट्रे दिला.

काल वर्नाला सांगून टाकावं म्हणून धीर करून गेलो. ती खुर्च्यांच्या पायांना खालून जाड लोकरीचे तुकडे चिकटवत होती. म्हणालो, "वर्ना, हर्शेलबद्दल एक सांगायचंय." तिने मान वर केली नाही. "गेलेल्या माणसाबद्दल जे सांगायचं ते गाण्यात सांग, एल्डन. आणि तो गोंद इकडे दे." मी गोंद दिला. पुढच्या खुर्चीला पुन्हा प्रयत्न केला, तर म्हणाली की १९ला घेवड्याचं सूप जास्त करावं लागेल, लांबून येणारा माणूस भुकेला असतो. कोण लांबून येणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही. दादा, लोक हसतील याची मला भीती नाही. पण त्या जागेत आठवड्यातून एकदा बासष्ट माणसं माझं ऐकून घेतात. उरलेले सहा दिवस मला फक्त 'किती वेळ लागेल' एवढंच विचारलं जातं. ती जागा हातची गेली तर मला दुसरी नाही.

तेव्हा हात जोडून विनंती, १९ला येऊ नकोस. सोमवारी ये. सोमवारी दुकान बंद असतं, मी किल्ली मागून तुला आतून दाखवीन. यायचंच असेल तर चुलतभाऊ म्हणून ये. आपल्याला चुलतभाऊ नाही, पण ते इथे कुणाला ठाऊक आहे? मिशी काढ. लोक रडायला लागले तर तूही थोडं रड. आणि काही झालं तरी माझ्याबरोबर गाऊ नकोस, कारण तुझा वरचा सूर माझ्या सुराला असा चिकटतो की बहिऱ्यालाही कळेल, ही एका आईची पोरं. मार्गितवहिनींना नमस्कार सांग, पण हे पत्र दाखवू नकोस. त्या विधवा आहेत हे त्यांना अजून माहीत नाही.

तुझा धाकटा भाऊ (हयात, पण १९पर्यंतच),
एल्डन

ता. क. (गुरुवार): तिकीट सापडलं नाही म्हणून पत्र घरीच आहे. सोमवारी येशील तेव्हा रेनकोट आण. मी विसरलेलो नाही.

दुसरा ता. क. (शुक्रवार): वर्ना बाजारात गेलेली पाहून दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन दुकानात शिरलो. पट्टीच नसली तर समारंभ कसला, असा माझा विचार होता (न झोपलेल्या माणसाचा विचार). पट्टी लागलेली होती. दोन स्क्रू काढले, तिसऱ्यासाठी चष्मा लावावा लागला, आणि लावल्यावर वाचलं: 'हर्शेल कॉडिल. गेला होता, आला.' मागे वर्ना सुपाचं पातेलं घेऊन उभी होती. कार्डावरचा डाग कोणत्या पातेल्याचा, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. उघडं कार्ड आमच्या गावात सगळेच वाचतात. तिने पातेलं शांतपणे खाली ठेवलं आणि सांगितलं की रमोनाचा पूर अंगणातल्या पायरीपर्यंतच आला होता, आणि टोबीला पहिल्यापासून एकच बायको आहे, ती रविवारी बाहेर गाडीत बसून विणते, तेही लोखंडी सुयांनी.

"गाण्याआधी तुम्ही काय बोलता ते मी धरतच नाही," ती म्हणाली. "गाणं खरं आहे ना?"

मी म्हणालो, "आहे."

"मग ते स्क्रू परत लाव."

लावले. दादा, ते रेनकोटाचं गाणं नाही. मला तुझी फार आठवण येते. अकरा वर्षं हे मी बासष्ट परक्या माणसांना सांगतोय, आणि तुला सांगायचं राहून गेलं.

तिसरा ता. क.: वरच्या सगळ्या विनंत्या रद्द. १९लाच ये. मिशी राहू दे. शेवटच्या कडव्यात एक ओळ मी नुसती वाजवतो, म्हणत नाही. लोकांना वाटतं तिथे माझा कंठ दाटतो. तसं काही नाही, ती ओळ वरच्या सुरात आहे आणि मला तिथवर पोचता येत नाही. पहिल्यापासून ती तुझ्यासाठीच ठेवली होती. ती तू म्हण. (मिसेस एस्टेप यांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही, तेव्हा त्यांच्यासमोर जरा बेताने ये.)

शेवटचा ता. क.: माझा डावा गुडघा सांगतोय की १९ला पाऊस आहे. रेनकोट घालूनच निघ. दुकानाच्या दारामागेही एक खुंटी आहे, आल्यावर तिथे टांग.